विषय भारीच पाहिजे, त्यातला तो 'च'

"मॅडम, मॅथ्सच्या प्रोजेक्टला विषयच मिळत नाहीये, जे काय होतं ते सगळं कोणीतरी आधीच करून ठेवलंय." दापोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे दरवर्षी ऐकू येतं, फक्त चेहरे बदलतात.

ही मुलगी हर्णैची, टीवायची, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची. झोप उडालेली, वहीत चौदा विषय लिहून चौदाही खोडलेले. पहिलाच रीमान हायपोथेसिस, मूळ संख्यांबद्दलचं कोडं, 1859 पासून भल्याभल्यांना न सुटलेला! कापरेकरांचा 6174 पण होता (चार आकडी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर परत तेच, सगळे अंक सारखे नसले तर शेवटी 6174 च येतो), तो 'यूट्यूबवर आहे' म्हणून बाद. (कापरेकर आपल्या डहाणूत जन्मलेले, देवळालीत शाळामास्तर, त्यांना कुठे कोणी विषय नेमून दिला होता!)

पहिल्या दोन-तीन भेटी मी नुसतं ऐकलं. विषय नवीनच पाहिजे, अवघडच पाहिजे, सर इंप्रेस झालेच पाहिजेत. मी अल्बर्ट एलिसच्या वळणाची बाई, 'असंच झालं पाहिजे' हा हट्टच माणसाला छळतो म्हणणारा तो मानसशास्त्रज्ञ, म्हणून माझे कान 'च'कडे असतात. विचारलं, "नवीन नसला तर?"

"लोक हसतील."

"कोण लोक?"

उत्तर नाही.

चौथ्या वेळी आल्याआल्याच म्हणाली, "आज लवकर सोडा हां, नवमी आहे, पावणेसातला भरती, बाबांची होडी आत यायचीय."

"पावणेसात कुठून काढलंस?"

"तिथीची पाऊणपट, तितके वाजता भरती. आजोबा करतात. त्यात काय एवढं?"

"मग पुनवेला किती?"

"पंधराची पाऊणपट... सव्वाअकरा." आणि थांबली. "पण पुनवेला तर आजोबा बारा धरतात."

मी गप्प. माझं गणित दहावीत संपलं, पण कधी गप्प बसायचं ते मला नक्की कळतं! तिने माझंच पेन ओढून घेतलं. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीला 48 मिनिटं, आजोबा धरतात 45, दर तिथीला 3 मिनिटं कमी, मग पिढ्यानपिढ्या हे चालतं कसं? थोड्या वेळाने स्वतःच ओरडली, "पक्ष बदलला की तिथी परत एकपासून मॅडम, चूक साचतच नाही!" भरतीचं त्या दिवशी ती विसरलीच असती, मलाच आठवण करावी लागली.

म्हणून सगळ्यांना सांगते, विषय जुना चालतो, प्रश्न तुमचा हवा. 6174 च घ्या ना, तीन आकड्यांना 495 मिळतो, पाच आकड्यांना मात्र असा एक आकडाच सापडत नाही, गाडी गोल गोल फिरत राहते, का? प्रश्न एका वाक्यात आईला सांगता आला पाहिजे, आकडे हाताशी पाहिजेत, आणि पहिल्या महिन्यात काहीतरी उत्तर, अगदी 'नाही' असं का होईना, निघालं पाहिजे. गाईडला अर्धवट असतानाच दाखवा, पॉलिश करत बसू नका.

तिने सर्व्हे ऑफ इंडियाच्या टेबलवरून वर्षभराच्या वेळा उतरवल्या. उधाणाच्या दिवसांत (पुनव-अवसेच्या आसपास) भरती रोज कमी सरकते, भांगाला (अष्टमीच्या आसपास) जास्त, म्हणजे 48 पण नुसती सरासरीच. आजोबांना ग्राफ दाखवला तर म्हणाले, "तीन मिनटांत होडी काय बुडते?" ते वाक्य तिने रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाकलं. सरांनी काढायला सांगितलं. तिने नाही काढलं.