मनगटी घड्याळावरून दिशा ओळखता येते का?

मे महिन्यात बीडकडच्या बालाघाटच्या डोंगरात फिरायला निघालाय आणि मोबाईल बंद पडला तर काट्याच्या घड्याळावरून दिशा कळेल का, असं तुम्ही विचारलंय. मेमध्ये त्याच्या भरवशावर अजिबात राहू नका. युक्ती खरी आहे, पण आपल्याकडे ती हिवाळ्यातच चालते.

रीत अशी. घड्याळ काढून तळहातावर सपाट धरायचं. तासकाट्याच्या टोकाशी काडेपेटीतली काडी उभी धरा आणि तिची सावली काट्यावरून सरळ मध्याकडे येईपर्यंत घड्याळ फिरवा. म्हणजे काटा सूर्याकडे झाला. आता काटा आणि १२ यांच्या मधोमध दक्षिण. डिसेंबरात दुपारी ४ वाजता ती २ च्या आकड्यावर येते आणि फरक पडतो तो जेमतेम ५-६ अंशांचा. तोही आपलं घड्याळ सूर्याच्या वेळेपेक्षा २०-२५ मिनिटं पुढे असतं म्हणून. भारताची वेळ ज्या ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, त्याच्या मराठवाडा बराच पश्चिमेला आहे ना!

मेमध्ये मात्र सगळंच बिघडतं. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १८ ते २० अंश अक्षांशांत येतो. त्यामुळे मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलै संपत येईपर्यंत भर दुपारी तो चक्क उत्तरेला असतो. त्या दिवसांत सकाळी साडेदहालाही सूर्य जवळजवळ नेमक्या पूर्वेला असतो, फक्त खूप वर चढलेला. घड्याळ मात्र त्याच्या उजवीकडे २०-२२ अंशांवर दक्षिण दाखवतं. म्हणजे दक्षिण समजून तुम्ही पूर्वेकडेच चालत सुटाल. उन्हाळ्यात, पाणी संपत आलेलं असताना, ही चूक जिवावर बेतू शकते.

मार्च आणि सप्टेंबरातही ३० अंशांहून जास्त चूक होऊ शकते, तेव्हाही नकोच.

मोबाईलमधल्या होकायंत्राला रेंज लागत नाही, तेव्हा बॅटरी जपा. तोही बंद पडलाच तर मेमध्ये साधा हिशोब ठेवा: सकाळी साडेदहापर्यंत सूर्य आहे ती पूर्व, दुपारी दोननंतर आहे ती पश्चिम. दोन्ही वेळा तो थोडा उत्तरेकडे कललेला असतो, तेवढं धरून चाला. मधल्या वेळात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सपाट जागा बघून हातभर काठी सरळ रोवा. सावलीच्या टोकाशी खडा ठेवा, सावलीत बसून घोटभर पाणी प्या आणि २० मिनिटांनी नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेघ पूर्वेकडे जाते.