बाबांना बोलते करण्याची घाई नको

‘आई येईल त्याला दादाच्या अपघाताची हकीगत पहिल्यापासून सांगते, वहिनी त्याचे कपाट कुणाला उघडू देत नाही आणि बाबा मात्र दिवसकार्य उरकताच शिवारात जायला लागले. चार महिन्यांत त्यांच्या डोळ्यांतून टिपूसही आले नाही,’ असे तुम्ही डब्लिनहून लिहिले आहे. पुढे तुम्ही विचारता, ‘त्यांना मुलगा गेल्याचे काहीच वाटत नसेल का?’ पत्रातल्या चार प्रश्नांपैकी याच एका प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण सीमाभागातून परदेशी गेलेल्या आपल्या लोकांच्या घरोघरी या गैरसमजाने नाती दुखावलेली मी पाहते.

संकेश्वरजवळ महामार्गावर झालेला तो अपघात एकच असला तरी आईचा मुलगा गेला, वहिनीचा नवरा गेला आणि बाबांचा शेतीतला जोडीदारही गेला. प्रत्येकाचे दुःख वेगळे, म्हणून ते सोसण्याची रीतही वेगळी. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये असे मांडले की, शोकातला माणूस कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, तर कधी समोरच्या कामांकडे वळतो आणि या दोन्हींत येरझारा घालतो. आई पहिल्या टोकाशी अधिक काळ थांबतात, बाबा दुसऱ्या. यावरून कोणाची माया किती, हे ठरत नाही.

आमच्याच घरचे सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वेदगंगेचे पाणी शिरून निपाणीकडचे आमचे जुने मातीचे घर बसले. काकू वर्षभर त्या रात्रीविषयी बोलत राहिल्या, काकांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात ढिगाऱ्यातली लाकडे वेगळी काढायला घेतली आणि ‘यांना दगडाचे काळीज आहे’ असे काकू सगळ्यांना सांगू लागल्या. पुढच्या पावसाळ्यात चुलतभावाच्या लक्षात आले की, सर आली की काका रात्री उठून, बॅटरी घेऊन नदीचे पाणी पाहून येतात. त्याने त्यांना काही विचारले नाही. तो त्यांच्याबरोबर जाऊ लागला. बऱ्याच दिवसांनी त्या वाटेवरच काका आपणहून बोलले.

म्हणून थोडे रागावूनच सांगते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉलवर घेऊन ‘बाबा, रडा, मन मोकळे करा’ म्हणणे थांबवा. तुमची संध्याकाळ ही त्यांची निजायची वेळ आहे. अंत्यदर्शन आपल्याला मिळालेले नसते, आपण कसेबसे बाराव्याला पोहोचतो, आणि मग पडद्यावरच्या चेहऱ्यावर दुःखाची खूण शोधत राहतो. ही तुमची व्यथा मला पुरती कळते, पण तिचा भार बाबांवर टाकू नका. आघातानंतर लगेच माणसाला बसवून सारे वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. त्यांच्या सकाळच्या वेळी फोन करा, पिकाचे विचारा, दादा शेतात काय करत असे ते विचारा आणि उत्तर न आल्यास तो विषय तिथेच ठेवा. आईंना ऐकणारे कान हवेत. ते काम तुम्ही घ्या.

मात्र झोप किंवा जेवण तुटले, दारू वाढली, अपघाताची दृश्ये सतत डोळ्यांपुढे येऊ लागली किंवा जगण्यात अर्थ नसल्याची भाषा कोणाच्याही तोंडी आली, तर वाट पाहू नका. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते आणि धारवाडची मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे.

उरलेले थोडक्यात. आईंना डब्लिनला नेण्याचा निर्णय वर्षश्राद्धानंतर घ्या. आठ वर्षांच्या लेकीला मामा अपघातात वारला, असे सरळ सांगा. ‘झोपला आहे’ म्हणू नका. कपाट आणि विम्याचे कागद हा वहिनीचा अधिकार आहे, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय तिकडे कोणीही हात लावू नये.