कुंपण थांबेल, पॉलिसीचे अकरा दिवस थांबणार नाहीत

प्रश्न: मी ५६ वर्षांचा, डोंबिवलीत राहतो. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, दोन महिन्यांपूर्वी सगळे मिळून ४४ लाख हातात आले. राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित ५ एकर जागा आहे. सगळं रानच आहे: ऐन, किंजळ, जुने काजू, करवंदीच्या जाळ्या. तिला कुंपण घालून आत ४० शेळ्या सोडायच्या आहेत. ठेकेदाराने सिमेंटचे खांब आणि पाच फुटी जाळीचे साडेचार लाख सांगितले. काटेरी तार निम्म्यात होते. काय घालू, आणि पैसे शिलकीतून काढू की सोन्यावर कर्ज घेऊ? ६ लाख बँकेतल्या साहेबांनी सुचवलेल्या गॅरंटीड योजनेत गुंतवलेत, त्यामुळे म्हातारपणाची चिंता मिटली आहे. शेळ्यांतून वर्षाला ६ लाख सुटतील.

उत्तर: कुंपणाकडे येतो, पण आधी त्या ‘चिंता मिटली’कडे. मी तुमच्याकडून योजनेच्या कागदांचे फोटो मागवले ते याचसाठी. ही बँकेची ठेव नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. तुम्ही समजताय की ६ लाख एकदाच भरायचे होते. पहिल्याच पानावर लिहिलंय: हप्ता वार्षिक, भरण्याची मुदत १० वर्षं. म्हणजे ६० लाख. तुमच्याकडे आहेत ४४, आणि पगार बंद. हे ज्याने विकलं त्याला तुमचा खात्यातला आकडाही दिसत होता आणि नोकरी सुटल्याचंही ठाऊक होतं. तरीही विकलं.

बरं, भरलेच समजा कुठूनतरी ६० लाख, तर मिळतं काय? बाराव्या वर्षापासून दरवर्षी ९ लाख ७० हजार, बारा वर्षं. एकूण १ कोटी १६ लाख. ‘दुप्पट होतात’ असं सांगितलं असणार. होतात, पण शेवटचा रुपया हातात पडेल तेव्हा तुम्ही ऐंशीच्या घरात असाल. परतावा काढला तर वर्षाला सव्वापाच टक्के. साधी ठेव याहून बरी. वर हप्ता ५ लाखांच्या पुढचा, म्हणून करमाफीही नाही.

आता चांगली बातमी. पॉलिसी हातात येऊन एकोणीस दिवस झालेत. विमा नियामकाच्या २०२४च्या नियमांनुसार ती परत करायला कागद मिळाल्यापासून ३० दिवस असतात. उरले अकरा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी, मधल्या दिवसांच्या विम्याचा खर्च एवढं कापून बाकी पैसे परत येतात. अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेतल्या साहेबांना नाही. ईमेल करा, शिवाय विमा कंपनीच्या शाखेत कागद देऊन पोहोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून. दोन दिवसांत साहेबांचा फोन येईल: ‘आत्ता मोडलंत तर नुकसान, दोन वर्षं थांबा.’ खरं नुकसान थांबण्यातच आहे. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, आणि तिथेही अडलं तर विमा लोकपाल.

दुसरी घाई. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसाठी साठी गाठावी लागते असं सगळे समजतात. निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही चालतं, मात्र निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडलं पाहिजे. तुमचे दोन गेले. कंपनीकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला घ्या आणि पोस्टात ३० लाख टाका. ८.२ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार, दर तिमाहीला जमा. घरखर्च तुम्ही ३५ हजार लिहिलाय. तूट साडेचौदा हजारांची. उरलेल्या १४ लाखांतले ८ ठेवीत राहू द्या, त्यांना हात नाही. शिवाय कंपनीचा मेडिक्लेम व्हीआरएसबरोबर गेला, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. दोघांच्या आरोग्यविम्याला या वयात वर्षाला चाळीस-पन्नास हजार धरा आणि तो या महिन्यात घ्या. राहिले साडेपाच लाख. सगळे कुंपणात घातलेत तर शेळ्या आणायला हाती उरतील जेमतेम लाखभर.

आता शेळ्या. वर्षाला ६ लाख हा आकडा यूट्यूबवरचा आहे, गोठ्यातला नाही. चाळिसांतल्या वीस व्यायच्या माद्या धरा. मर, चोरी, बिबट्या वजा जाता विकायला तीस करडं. सहा-साडेसहा हजारांनी जातील, म्हणजे दोन लाखांच्या आत. गडी दहा हजारांनी धरला तरी सव्वा लाख त्याचेच. खुराक, औषधं, लस चाळीस हजार. हातात राहतात तीस-पस्तीस हजार. साडेचार लाखांचं कुंपण फिटायला तेरा वर्षं लागतील, आणि कोकणच्या पावसात ती जाळी तेरा वर्षं टिकली तर मला फोटो पाठवा. सोन्यावर कर्ज? अजिबात नाही. तीस हजारांच्या धंद्याच्या जोरावर साडेचार लाखांवरचं व्याज कोण भरतं?

५ एकराला वेडावाकडा परीघ धरून सुमारे ७०० मीटर. आठ फुटांवर खांब घेतला तर तीनशेच्या आसपास. कातळ लागला तर प्रत्येक खड्ड्याला ड्रिल, तो खर्च कोटेशनमध्ये आहे का विचारा. काटेरी तार शेळीला अडवत नाही, पाठ खाजवायला सोयीची पडते, तेव्हा ती विसरा. जंगलातल्या कुंपणाला दर पावसाळ्यात एक-दोन फांद्या पडून जाळी झोपते, वर वेली चढून भार येतो. वर्षाला वीस हजार त्यालाच. झाडांना खिळे मारून तार ठोकण्याची युक्ती ठेकेदार सुचवेल, नको. वाटेतली झाडं तोडायचीही नाहीत: ऐन आणि किंजळ १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगी लागते.

मुळात कुठे घालणार? ‘आमची’ म्हणता, पण सातबारावर नऊ नावं आहेत आणि वाटणी तोंडी. उद्या चुलत भावाने मोजणी मागितली की तुमचे खांब त्याच्या हिश्शात. आधी महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज आणि मग मोजणी. त्याच सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात वनाची नोंद नाही ना, तेही बघा. १९७५च्या खाजगी वन कायद्याने कोकणातली असली कित्येक रानं सरकारजमा झालीत, मालकाला पत्ताच नसतो.

तोवर एक एकराचा तुकडा पुरे, तोही भावंडांच्या लेखी संमतीने. एक एकर म्हणजे अडीचशे-तीनशे मीटर, त्याला जाळी दीड-दोन लाखांत होते. बाकी हद्दीला जून लागताच उंदीरमारीच्या (गिरिपुष्पाच्या) फांद्या लावा. चार वर्षांत वई, म्हणजे जिवंत कुंपण, तयार होते आणि पाला शेळ्याच खातात. रात्रीचा बंद गोठा मात्र कुंपणाच्या आधी बांधा, कारण बिबट्याला पाच फुटी जाळी म्हणजे उंबरा. पहिल्या वर्षी कोकण कन्याळ जातीच्या दहा शेळ्या घ्या, पहिलं वेत बघा, मग पुढचं बोलू. तोपर्यंत पोस्टाची पावती आणि विमा कंपनीची पोहोच, दोन्हींचे फोटो पाठवा.