‘ऑप्शनल’ लिहिलं की लोक सोडूनच देतात

प्रश्न : ताई, आम्ही तिघं मित्र मिळून एक ओपन सोर्स प्रोग्रॅम चालवतो. जुनी मासिकं स्कॅन करायची, टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडून मजकूर वाचून घ्यायचा आणि शोधता येईल असा ठेवायचा, एवढंच त्याचं काम. महाल भागातल्या एका वाचनालयात तो लावून दिला. तिथं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. इंग्रजी पानं छान निघतात, मराठी पानांचा नुसता कचरा होतो. मराठीचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, हे माहितीपत्रकात शेवटी ‘ऑप्शनल पॅकेजेस’ या मथळ्याखाली लिहिलं आहे. तरी फोन थांबत नाहीत. आणखी काय लिहायचं?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : फोन येणारच रे बावा! ‘ऑप्शनल’ वाचून वाचनालयातल्या काकांनी पान मिटलं, यात त्यांचं काय चुकलं? मराठीशिवाय तुमचा प्रोग्रॅम सुरू होतो, म्हणून तुमच्या लेखी ते पॅकेज ऐच्छिक. वाचनालयाचं मात्र कपाट भरून मराठी मासिकंच आहेत. तेव्हा मथळे कामाचे द्या : ‘मराठी पानं वाचायची असतील तर’, ‘पीडीएफ काढायची असेल तर’. आणि मराठीचा मजकूर शेवटून उचलून टेसरॅक्टच्या पायरीला लागूनच ठेवा.

आता त्या कचऱ्याकडे बघू, कारण खरी गोम तिथं आहे. टेसरॅक्टला शंभराहून जास्त भाषा येतात. पण उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स सिस्टिमवर मूळ पॅकेजसोबत फक्त इंग्रजी येते, आणि पानाची दिशा व लिपी ओळखणारी एक फाइल. मराठीची फाइल नसताना फक्त ‘एमएआर’ (त्याच्याकडचं मराठीचं लघुरूप) ही भाषा मागितली, तर टेसरॅक्ट सरळ अडतो आणि फाइल उघडता आली नाही असं सांगतो. तुमच्याकडे तो अडत नाही, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम त्याला मराठी मागतच नाही, इंग्रजीच्या जोडीनं मागतो, किंवा मराठी सापडली नाही की गुपचूप इंग्रजीवर जातो. मग टेसरॅक्ट शिरोरेघेखालच्या अक्षरांत एबीसीडी शोधत बसतो. एररचं नाव नाही, पानभर ओळी तयार, आणि काउंटरवरच्या काकांना वाटतं स्कॅनर बिघडला. हे आधी प्रोग्रॅममध्येच दुरुस्त करा. मराठी नसेल तर थांबा, आणि थांबताना कोणतं पॅकेज कोणत्या आज्ञेनं टाकायचं ते त्याच संदेशात छापा. अडलेला माणूस माहितीपत्रक शोधायला जात नाही, स्क्रीनवरची ओळ वाचतो.

पॅकेजची नावं प्रत्येक सिस्टिमवर वेगळी, म्हणून प्रत्येकीचा परिच्छेद वेगळा करा. उबुंटू-डेबियनवर टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर टेसरॅक्ट-लँगपॅक-एमएआर. मॅकवर होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधलं टेसरॅक्ट-लँग सगळ्या भाषा एकगठ्ठा आणतं. विंडोजवाले बरेच जण जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयानं तयार केलेला इन्स्टॉलर वापरतात. त्यात जादा भाषांची यादी उघडून मराठीवर टिक करावी लागते. भराभर ‘नेक्स्ट’ दाबत गेलं की ती हमखास सुटते, तेव्हा त्या खिडकीचं चित्र द्याच. आज्ञा पूर्ण लिहा, कॉपी करून चिकटवता येईल अशी. ‘आपापल्या पॅकेज मॅनेजरमधून टाका’ या वाक्यानं कष्ट वाचतात ते फक्त लिहिणाऱ्याचे. उबुंटूवर टेसरॅक्ट-ओसीआर-ऑल हेही आहे, पण दोन भाषांसाठी हॉटस्पॉटवरून शंभर भाषा उतरवायला लावू नका.

पायरीच्या लगेच खाली पडताळणी हवी. टेसरॅक्टला दोन आडव्या रेघा देऊन लिस्ट-लँग्ज म्हटलं की तो हाताशी असलेल्या भाषांची यादी देतो. ‘एमएआर’ दिसलं तर पुढे जा. नुसतं ‘ईएनजी’ (इंग्रजी) आणि ‘ओएसडी’ (ती दिशा-लिपीची फाइल) दिसलं तर मराठी बसलेलीच नाही. ही यादी माहितीपत्रकात जशीच्या तशी छापा. फोनवर ‘काय दिसतंय ते वाचून दाखवा’ म्हणायला तुम्हालाही बरं.

तुमचा प्रोग्रॅम पायथनमध्ये असेल आणि पीडीएफचा भाग पिपच्या (पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या साधनाच्या) चौकोनी कंसात ‘एक्स्ट्रा’ म्हणजे जादा भाग म्हणून ठेवला असेल, तर पॅकेजचं नाव कंसासकट अवतरणचिन्हांत लिहा. मॅकवर 2019 पासून नेहमीचा शेल (आज्ञा टाइप करायची जागा) झेडशेल आहे आणि तो उघड्या कंसावर अडतो. कंसातलं नाव चुकलं तर पिप एक सूचना देऊन पुढे जातो आणि बाकीचं टाकून शेवटी ‘यशस्वी’ म्हणून मोकळा होतो. म्हणून इथंही पडताळणीची ओळ हवी. डेबियन 12 पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला थेट काही टाकू देत नाहीत. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे पायथनचा वेगळा कप्पा करायची, पायरी त्याच्या आधी द्या.

आणि हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू नका, त्यावर तर सगळं आधीच आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कोरा उबुंटू घ्या आणि फक्त माहितीपत्रकात लिहिलंय तेवढंच करत जा. टाइप दुसऱ्या कुणाला करू द्या. तुम्ही मागे बसा, बोलू मात्र नका.

प्रश्न : लिबरऑफिसचे मेनू मराठीत दिसतात का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दिसतात. उबुंटूवर लिबरऑफिस-एल10एन-एमआर हे पॅकेज टाका. इथं मराठीचं लघुरूप दोनच अक्षरी आहे, टेसरॅक्टसारखं तीन नाही. विंडोजवर इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडा आणि भाषांच्या यादीत मराठी घ्या. नंतर टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषेच्या विभागात ‘यूजर इंटरफेस’पुढे मराठी निवडून प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.