एनएचएलचे संघ मायनर लीगमध्ये दुसरा संघ कशासाठी पोसतात? तिथल्या पोरांचं पुढे खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगच्या, संघांकडे एवढा पैसा असताना, ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत) निवडलेल्या तरुण खेळाडूंना थेट मुख्य संघात न घेता खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं का ठेवतात, आणि त्यातून खरंच कोणी तयार होतं का. मी शिकायला न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला होतो. तिथला 'क्रंच' हा संघ म्हणजे फ्लोरिडातल्या टॅम्पा बे लाइटनिंग या एनएचएल संघाचा खालचा संघ. त्यामुळे मला जे नीट माहीत आहे त्याच संघाच्या आधाराने सांगतो.

आधी तीन गोल सांगतो.

२०२० च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्धच्या मालिकेचा सहावा सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि अँथनी सिरेलीच्या गोलने टॅम्पा स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोचलं. पुढच्या वर्षी त्याच आयलंडर्सविरुद्ध सातवा सामना १-० असा सुटला. तो एकमेव गोल यानी गूर्डने केला, तोही आपला एक खेळाडू पेनल्टीत बाहेर बसलेला असताना. मग माँट्रियलविरुद्ध अंतिम फेरीचा पाचवा सामना, पुन्हा १-०, आणि कप जिंकून देणारा गोल रॉस कोल्टनचा. सिरेली ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतला, कोल्टन चौथ्या फेरीतला, तर गूर्डला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. सिरॅक्यूज खेळतं त्या एएचएलच्याही खालच्या ईसीएचएल या लीगमध्ये तो खेळून आलेला. तिघेही सिरॅक्यूजच्या बर्फावर तयार झाले. त्या संघात स्टॅमकोस आणि हेडमनसारखे मोठे खेळाडू होते हे खरं, पण सलग दोन कप जिंकायला तेवढं पुरलं नसतं.

आता रचना बघा. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि त्याखालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्येही ३२. प्रत्येक वरच्या संघाचा एक खालचा संघ. वरच्या संघात २३ खेळाडू ठेवता येतात, पण करार एकूण ५० जणांशी करता येतात. उरलेले कुठेतरी खेळत राहायला हवेत ना? काही ज्युनियर लीगमध्ये किंवा युरोपात असतात, बाकीचे एएचएलमध्ये. हॉकीत दुखापती सतत होतात. संध्याकाळी सामना आहे आणि सकाळच्या सरावात कोणाचा तरी खांदा निखळतो, अशा वेळी त्याच दिवशी विमानाने येऊन खेळू शकेल असा माणूस लागतो. सिरॅक्यूज आणि टॅम्पा यांच्यात दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, म्हणून हे काम त्यांना जरा जड जातं. टोरंटोचे दोन्ही संघ एकाच शहरात आहेत. २०१५ मध्ये पश्चिमेकडच्या एनएचएल संघांनी आपले पाच खालचे संघ एकदम कॅलिफोर्नियात हलवले, तेही याच कारणाने.

पण राखीव खेळाडूंची फळी तयार ठेवणं हा सोपा भाग. खरी कसरत खेळाडू घडवण्याची. ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात आणि बहुतेक संघ तिथेच घसरतात, असं माझं मत आहे.

आपल्याकडे रणजी आणि भारतीय संघ यांचं जे नातं आहे तसं हे असेल, असं वाटू शकतं. तसं नाही. मुंबई रणजी खेळते ती मुंबईसाठी, जिंकायला. एएचएलच्या संघात कोण खेळणार, कोणाला किती मिनिटं मिळणार, हे मुख्यतः वरच्या क्लबच्या गरजेने ठरतं. आज हॅटट्रिक केलेला मुलगा उद्या वर बोलावला जाईल आणि प्रशिक्षक एक शब्द बोलणार नाही. शिवाय लीगचा नियम आहे: सामन्यात उतरणाऱ्या १८ स्केटर्सपैकी (म्हणजे गोलरक्षक सोडून बाकीच्यांपैकी) निदान १३ जण कमी अनुभवाचे असायला हवेत. म्हणजे अनुभवी खेळाडूंना जागा पाचच. या पाच जागांवर कोणाला घ्यायचं हा माझ्या मते खालच्या संघाच्या व्यवस्थापकाचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. वर जाण्याची आशा संपलेला, कडवट झालेला माणूस घेतला तर ड्रेसिंग रूम नासते. सिरॅक्यूजकडे माइक अँजेलिडिससारखा कर्णधार होता. एनएचएलचे मोजकेच सामने त्याच्या वाट्याला आले, पण विशीतल्या पोरांना व्यावसायिक खेळाडू म्हणून जगायचं कसं हे त्याच्याकडे बघून कळायचं. शुक्रवार, शनिवार, रविवार असे ओळीने तीन सामने, मध्ये रात्रीचा बसप्रवास, तरी सकाळी रिंकवर वेळेत हजर. हे कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही.

मुलांना थेट वर का घेत नाहीत, याचं उत्तर मिनिटांत आहे. एकोणीस-वीस वर्षांचा फॉरवर्ड एनएचएलमध्ये चौथ्या लाइनवर, म्हणजे सगळ्यात कमी खेळणाऱ्या तुकडीत, सामन्यात सात-आठ मिनिटं खेळतो. पॉवर प्ले (समोरचा एक खेळाडू पेनल्टीत बाहेर असतानाचा खेळ) मिळत नाही, चूक झाली की पुढची शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरायची पाळीही जाते. मग तो चूक होऊ नये एवढंच खेळायला शिकतो. तोच मुलगा एएचएलमध्ये अठरा मिनिटं खेळतो, पॉवर प्लेवर पक त्याच्या काठीवर असतो, शेवटच्या मिनिटाला एका गोलची आघाडी टिकवायला त्यालाच पाठवतात. हुकलं तर दुसऱ्या दिवशी व्हिडिओ दाखवतात आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच उभं करतात. पुन्हा उभं करणं, यातच सगळं आलं.

टॅम्पाने हे नीट केलं ते स्टीव्ह आयझरमन २०१० मध्ये जनरल मॅनेजर झाल्यापासून. तो डेट्रॉइटमधून आलेला, आणि मुलगा तयार दिसला तरी आणखी एक हंगाम खाली ठेवायचा ही डेट्रॉइटची जुनी शिस्त. आयझरमनने खालचा संघ जुलियन ब्रीझब्वाच्या हाती दिला आणि प्रशिक्षक म्हणून जॉन कूपरला आणलं. कूपर हा पूर्वी वकिली केलेला माणूस, ज्युनियर हॉकीत जिंकत जिंकत आलेला. तेव्हा टॅम्पाचा खालचा संघ व्हर्जिनियात होता, नॉरफोक ॲडमिरल्स. २०११-१२ मध्ये या संघाने ओळीने २८ सामने जिंकले आणि शेवटी टोरंटोच्या खालच्या संघाला मालिकेत ४-० असं हरवून कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद घेतलं. पुढच्या हंगामात सगळा गोतावळा सिरॅक्यूजला आला आणि पुन्हा अंतिम फेरीत पोचला.

त्या संघातली नावं बघा. टायलर जॉन्सन: बुटका म्हणून ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही. ओंद्रेय पालाट: सातवी फेरी, २०८ वा क्रमांक. ॲलेक्स किलॉर्न: तिसरी फेरी, हार्वर्डमध्ये चार वर्षं पूर्ण करून आलेला. मार्च २०१३ मध्ये टॅम्पाने मुख्य प्रशिक्षकाला काढून कूपरलाच वर घेतलं. त्यामुळे या मुलांना नवा प्रशिक्षक, नवी पद्धत, नवी भाषा असलं काही शिकावं लागलं नाही. २०१५ मध्ये टॅम्पा स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत गेलं तेव्हा पूर्ण प्लेऑफमध्ये सर्वांत जास्त गोल जॉन्सनचे होते. त्याच्या एका बाजूला पालाट, दुसऱ्या बाजूला निकिता कुचेरोव्ह. त्याच अंतिम फेरीत गोलरक्षक बेन बिशप जखमी झाला आणि चौथ्या सामन्यात आंद्रेई वासिलेव्हस्की उभा राहिला. तो त्याच हंगामाच्या सुरुवातीला सिरॅक्यूजमध्ये खेळत होता. शिकागोने ती मालिका जिंकली, पण टॅम्पाला पुढच्या दहा वर्षांचा गोलरक्षक मिळाला.

बिशपची गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण राखीव फळीचा तिसरा उपयोग त्यातून कळतो. नॉरफोकच्या त्या विक्रमी हंगामात एएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला कोरी कॉनाकर. तोही ड्राफ्ट न झालेला. २०१३ च्या एप्रिलमध्ये टॅम्पाने तो आणि ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतला एक पिक (निवडीचा हक्क) ओटावाला देऊन बिशप घेतला. वर्षभरात बिशप सर्वोत्तम गोलरक्षकाच्या पुरस्काराच्या अंतिम तिघांत होता. फुकट मिळालेला एक मुलगा खाली वाढवला आणि त्याच्या बदल्यात सहा फूट सात इंचांचा गोलरक्षक आला. पालाट आणि जॉन्सन मागे तयार होते म्हणूनच कॉनाकरला सोडणं परवडलं.

मात्र प्रत्येकाला खाली ठेवावं असं मी म्हणणार नाही. हेडमन २००९ मध्ये ड्राफ्टनंतर लगेच टॅम्पाकडून खेळला. ब्रेडन पॉइंट तिसऱ्या फेरीतला असूनही २०१६ मध्ये ज्युनियरमधून जवळजवळ सरळच वर आला आणि ते बरोबरच होतं. कुचेरोव्हलाही सिरॅक्यूजमध्ये थोडेच सामने लागले. कोणाला किती काळ लागेल हे वयावर नाही, त्याचं काय कच्चं आहे यावर ठरतं. स्केटिंग कच्चं असेल तर उन्हाळे लागतात, बचावाची जाण कच्ची असेल तर सामने लागतात.

आणि मुलाच्या मनाचं काय? जोनाथन द्रुएँ २०१३ च्या ड्राफ्टमधला तिसरा. एवढ्या वरच्या मुलाला जानेवारी २०१६ मध्ये सिरॅक्यूजला पाठवलं तेव्हा काही सामने खेळून त्याने पुढे खेळायलाच नकार दिला. क्लबने त्याला निलंबित केलं. आयझरमन ना चिडून बोलला, ना घाईने त्याला मिळेल त्या भावात विकला. मार्चमध्ये द्रुएँ परत आला, सिरॅक्यूजमध्ये खेळला, गोल केले, वर गेला आणि त्या वसंतातल्या प्लेऑफमध्ये टॅम्पाच्या चांगल्या फॉरवर्डांपैकी एक ठरला. २०१७ मध्ये त्याच्या बदल्यात माँट्रियलकडून मिखाईल सर्गाचेव्ह आला आणि दोन्ही कपांच्या वेळी तो बचावफळीत होता. खाली पाठवणं ही शिक्षा वाटू न देणं हे क्लबचं काम आहे. मुलाला कोणीतरी समोर बसवून सांगायला हवं की या दोन गोष्टी जमल्या की वर ये.

नियमांचं घड्याळही चालू असतं. नव्या खेळाडूला सुरुवातीची काही वर्षं हवं तितक्या वेळा वर-खाली करता येतं. ती मुदत संपली की खाली पाठवण्याआधी त्याला वेव्हर्सवर ठेवावं लागतं आणि चोवीस तासांत दुसरा कोणताही संघ त्याला मोबदल्याशिवाय उचलू शकतो. म्हणजे धीर धरायचा, पण तो किती, यालाही मर्यादा आहे. शिवाय संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा. तयार झालेला मुलगा चार-पाच वर्षांत महाग होतो आणि त्याच्या जागी स्वस्तातला दुसरा खालून यायलाच हवा. टॅम्पाचे जॉन्सन आणि गूर्ड २०२१ मध्ये गेले, पालाट २०२२ मध्ये, किलॉर्न आणि कोल्टन २०२३ मध्ये.

त्यांच्या जागा भरायला पूर्वीइतके खेळाडू खाली नव्हते, कारण कप जिंकण्यासाठी टॅम्पाने पहिल्या फेरीतले पिक एकामागून एक देऊन टाकले होते. कोलमन, गुड्रो, सॅव्हर्ड, हेगल, जनो, प्रत्येकाच्या सौद्यात पहिल्या फेरीतला निदान एक पिक गेला. दोन कप आले आहेत, त्यामुळे पहिल्या तीन सौद्यांबद्दल मी तक्रार करणार नाही. हेगलही सोन्यासारखा निघाला. जनोसाठी मोजलेली किंमत मात्र मला तेव्हाही फार वाटली होती आणि आजही वाटते.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती कार्टर व्हर्हेगीची. २०१८-१९ मध्ये सिरॅक्यूजकडून खेळताना तो एएचएलमध्ये गुणांत (गोल आणि गोलला केलेलं साहाय्य मिळून) पहिला आला. पुढच्या वर्षी टॅम्पाच्या कपविजेत्या संघात होता, पण खालच्या लाइनवर. २०२० मध्ये पगाराच्या मर्यादेपायी टॅम्पाने त्याला मोकळं सोडलं आणि फ्लोरिडा पँथर्सने उचललं. तिथे त्याला वरच्या लाइनवर मिनिटं मिळाली. २०२४ च्या प्लेऑफमध्ये टॅम्पा आणि फ्लोरिडा समोरासमोर आले, दुसरा सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि विजयी गोल व्हर्हेगीने केला. फ्लोरिडाने त्या वर्षी कप जिंकला, त्याच्या पुढच्या वर्षीही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर: हो, होतं, आणि कधीकधी दुसऱ्याच्या अंगणात होतं. एएचएल स्वतः सांगते की एनएचएलमधले जवळपास ९० टक्के खेळाडू तिच्यातून गेलेले असतात. तुम्हाला हे घडताना बघायचं असेल तर सध्या टॅम्पाच्या गेज गोन्साल्व्हिसवर लक्ष ठेवा. २०२० च्या ड्राफ्टमधला ६२ वा, तीन हंगाम सिरॅक्यूजमध्ये काढून वर आलेला.