प्रॅक्टिकल आणि अप्लाइड, दोन्ही 'व्यावहारिक'च का?

प्रश्न असा आहे की 'प्रॅक्टिकल अँड अप्लाइड फिलॉसॉफी' या एमएच्या कोर्सचं नाव मराठीत लिहायचंय, डिक्शनरीत दोन्हींना 'व्यावहारिक' सापडतं, मग तो एकच शब्द ठेवला तर चालेल का. माझ्या मते नाही चालणार, कारण मग नावातला अर्धा अर्थच गळून जातो.

प्रॅक्टिकलचं मूळ ग्रीक 'प्राक्सिस', म्हणजे कृती. अ‍ॅरिस्टॉटलनं ज्ञानाचे तीन प्रकार केले, नुसतं जाणण्याचं, काही घडवण्याचं आणि कृतीचं, त्यात नीती आणि राज्यव्यवहार तिसऱ्यात. पुढे जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८८ साली अख्खा ग्रंथ लिहिला तोही याच अर्थाच्या बुद्धीवर, काय करावं हे ठरवणाऱ्या. म्हणजे हा शब्द विषय सांगतो, सोपेपणा किंवा उपयोग नाही. 'दिलेलं वचन मुळात आपल्याला बांधतं कशामुळे?' हा पक्का प्रॅक्टिकल प्रश्न, आणि तो भयंकर अमूर्त असू शकतो.

अप्लाइड मात्र पद्धत सांगतो. व्हेंटिलेटर एक, पेशंट दोन, कुणाला द्यायचा? इथे हातातला सिद्धांत एका ठरावीक पेचाला लावून बघायचा असतो, आणि कधीकधी पेच सिद्धांतालाच दुरुस्त करायला लावतो, मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. शिवाय हे फक्त नीतीपुरतं नाही, कोर्टात तज्ज्ञाच्या साक्षीवर किती विश्वास ठेवावा हा ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावं हे तपासणाऱ्या शाखेचा प्रश्न, तोही अप्लाइड.

इंग्रजीतही सरमिसळ आहेच, तत्त्वज्ञ पीटर सिंगरच्या १९७९ च्या पुस्तकाचं नाव 'प्रॅक्टिकल एथिक्स' आणि आतले विषय प्राणी, गरिबी, गर्भपात, म्हणजे सरळ अप्लाइड.

आता मराठी. अप्लाइडला 'उपयोजित' आहेच, उपयोजित गणित, उपयोजित भाषाविज्ञान आपण म्हणतोच (फक्त 'उपयुक्त' लिहू नका, उपयोजित म्हणजे उपयोगात आणलेलं). अडचण प्रॅक्टिकलची. 'प्रात्यक्षिक' म्हटलं की प्रयोगशाळा आठवते. 'व्यावहारिक'मध्ये देण्याघेण्याचा, हिशेबीपणाचा वास येतो, आणि वेदान्त वाचलेल्याला लगेच 'पारमार्थिक'च्या (अंतिम सत्याच्या) विरुद्धची व्यावहारिक सत्ता (रोजच्या अनुभवातलं जग) आठवते, जिचा इथे काही संबंध नाही. 'आचारविषयक' बरा, पण त्यात राजकीय तत्त्वज्ञान मावत नाही. म्हणून मी प्रॅक्टिकलला 'कृतिलक्षी', म्हणजे कृतीकडे रोख असलेलं, घेऊन 'कृतिलक्षी आणि उपयोजित तत्त्वज्ञान' लिहीन.