वाचकांचे प्रश्न : बार मित्झवाला जाताना

प्रश्न : आमच्या ह्यांच्या पुण्यातल्या बेने इस्राईल (मराठी ज्यू) मित्राच्या नातवाचा बार मित्झवा आहे. गुरुवारी सकाळी रास्ता पेठेत सिनेगॉगमध्ये बोलावलंय. ही मुंजच ना? आहेर काय न्यावा?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अवश्य जा. मीही बेने इस्राईल. माहेर अलिबागकडचं, संसार सगळा सांगलीत. माझ्या मुलाचा बार मित्झवाही रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगमध्येच झाला.

मुंजीत बटूला दीक्षा देतात. आमच्यात तेरा वर्षं पुरी झाली की समारंभ केला नाही तरी मुलगा धर्माच्या आज्ञा पाळायला बांधलेला. गुरुवार निवडलाय, कारण तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी वाचतात, पण शनिवारी तेफिलिन, म्हणजे धर्मवचनं ठेवलेल्या डब्या, बांधत नाहीत. मुलाचा हात नीट पाहा. काळी चामडी डबी डाव्या दंडावर, हृदयाकडे कललेली. मग पट्टा कोपराखाली सात वेढे. दुसरी डबी कपाळावर. तोराच्या गुंडाळीला बोट लावायचं नाही, म्हणून चांदीच्या काडीने ओळ दाखवत वाचतात. अक्षरांना स्वरचिन्हं नसतात, त्यामुळे पोर आधी कितीतरी महिने घोकत असतं. मग बाप देवाचे आभार मानतो, की याच्या करणीची जबाबदारी आता माझ्यावरून उतरली. आमचे हे तेवढं एक वाक्य म्हणताना अडखळले होते.

घरच्यांना याचं एवढं अप्रूप का, तेही सांगते. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. १९४८ नंतर आमची बहुतेक माणसं इस्रायलला गेली. सांगलीत सणालाही दहा जमत नसत. नऊजण दाराकडे बघत बसलेले मी पाहिलेत. अशा समाजात तेरा वर्षांचा पोरगा मोजणीत येतो, ही केवढी गोष्ट! मुलींचं बाराव्या वर्षी असतं. माझ्या वेळी मुलींसाठी काहीच करत नसत, याची खंत मला अजून आहे.

तुमच्या ह्यांना डोकं झाकायला टोपी द्या. बायका वेगळ्या बसतात. मलिदा असेल तर थांबा. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं वाटतात.

आहेराचं पाकीट १८च्या पटीत करा, हिब्रू अक्षरांच्या हिशेबात तो जीवनाचा आकडा. घरी केलेलं गोडधोड नको, आमचे खाण्याचे नियम कडक. त्यापेक्षा सांगलीहून काळ्या मनुका न्या. त्या भिजवून, कुस्करून, गाळून शुक्रवारच्या किद्दूशचं, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेचं, शरबत करतात. हिरवे बेदाणे मात्र घेऊ नका, शरबताला रंग येत नाही.